बत्तीस डिग्री आणि बिनमालकाची मांजर

आमची आजी म्हणायची, कुत्रा माणसाचा असतो आणि मांजर घराचं. अमेरिकेत कायदे लिहिणाऱ्यांना अशी आजी नसावी. नाहीतर पुढचं रामायण घडलं नसतं.

मी एडिसनला, न्यू जर्सीत राहतो. आमच्या कॉम्प्लेक्सच्या कचरापेटीमागे एक राखाडी मांजर असायची. मी तिला भुरी म्हणायचो. शेजारच्या गुजराती बा तिला दूध घालायच्या (मांजरांना दूध सोसत नाही, हे त्यांना पटवण्यात माझा एक महिना गेला). थंडी सुरू झाली तेव्हा मी इंटरनेटवर वाचून तिच्यासाठी घर बनवलं. प्लास्टिकचा मोठा डबा, आतून थर्माकोल, बाजूला एक गोल भोक आणि आत गव्हाचं काड. ब्लँकेट मुद्दाम घातलं नाही, कारण ते ओल धरतं आणि गोठतं. काड कोरडं राहतं, मांजर त्यात घुसून बसते आणि अंगाच्या उबेनेच डबा गरम होतो. खर्च वीस डॉलर. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत केलेल्या कुठल्याही प्रोजेक्टपेक्षा हा जास्त कामाचा होता!

जानेवारीत मॅनेजमेंटचं पत्र आलं. आशय असा: जो खायला घालतो तो मालक. बत्तीस डिग्रीखाली पाळीव प्राणी बाहेर ठेवणं कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा मांजर घरात घ्या, नाहीतर खाणं आणि डबा दोन्ही बंद करा.

मंडळी, आता खरं सांगतो. मी डबा उचलला. मी एच-वन-बी व्हिसावरचा माणूस. 'गुन्हा' हा शब्द वाचून माझे हातपाय गार पडले. मांजर घरात घ्यायची तर लीजमध्ये पाळीव प्राण्याला परवानगी नाही. आणि भुरी काही घरात राहणारी नव्हती. हात लावायला गेलं की फिस्सकन अंगावर यायची.

डबा उचलल्यावर शनिवारी बसून मी तो कायदा वाचला. आधी वाचायला हवा होता. २०१७ साली न्यू जर्सीने हा कायदा केला. तापमान ३२ डिग्री फॅरनहाइट (म्हणजे शून्य सेल्सिअस) किंवा त्याखाली असेल, अथवा ९० किंवा त्यावर असेल, तर पाळीव प्राण्याला तीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवायचं नाही. पण पुढे अट आहे: त्याला सतत जाता येईल असा योग्य निवारा असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे कायदा जे मागत होता तेच मी बांधलं होतं, आणि त्याच कायद्याचं नाव सांगून ते माझ्याकडून उचलवलं गेलं!

चूक फक्त मॅनेजमेंटची आहे का? मला तसं वाटत नाही. हा कायदा लिहिताना डोळ्यासमोर होता साखळीने बांधलेला कुत्रा. त्याच्यासाठी कायदा उत्तमच आहे, कारण त्याला स्वतःहून आडोसा शोधता येत नाही. पण 'पाळीव' या शब्दाची व्याख्या मालकापासून सुरू होते: मालकाला सोबत म्हणून घेतलेला किंवा वाढवलेला प्राणी. मग भुरीचं काय? तिला मालक नाही म्हणून संरक्षण नाही. आणि कुणी वाटी ठेवली की तोच मालक ठरायची भीती. आमच्या भाषेत सांगायचं तर ही एज केस कुणी टेस्टच केली नाही आणि कोड थेट प्रॉडक्शनमध्ये गेला.

नदीपलीकडच्या पेनसिल्व्हेनियाचं बघा. लिब्रे नावाच्या कुत्र्याच्या पिल्लाच्या हालांवरून २०१७ सालीच तिथे 'लिब्रेज लॉ' आला. त्यातही ९०, ३२ आणि तीस मिनिटं आहेत, पण ती फक्त बांधलेल्या कुत्र्यांसाठी. बाकी प्राण्यांसाठी साधं वाक्य आहे: प्राणी कोरडा राहील आणि अंगाची ऊब टिकेल असा निवारा हवा. आकडा नाही, गरज सांगितली आहे. पण जबाबदारी प्राणी 'स्वतःचा असो वा नसो' अशी आहे, म्हणजे वाटी ठेवणाऱ्याची धाकधूक तिथेही आहेच.

आकड्याचा वेडेपणा बघायचा तर नागपूरला चला. ९० फॅरनहाइट म्हणजे ३२ सेल्सिअस. या हिशोबाने मार्च ते जून आमच्या मामाच्या गल्लीतली प्रत्येक मांजर बेकायदा! तिथे ती पाण्याच्या टाकीखाली सावलीत पडून उन्हाळा काढते. आपला १९६०चा कायदाही मालकालाच धरतो: खाणं, पाणी, निवारा दिला नाही तर पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तिकडे कायद्याला दात नाहीत, इकडे दात आहेत पण चावतात भलत्यालाच.

आता कुणी म्हणेल, मांजरांना बाहेर ठेवूच नका, त्या पक्षी मारतात. खरं आहे. २०१३च्या एका अभ्यासाने अमेरिकेत मांजरी वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात असा अंदाज दिला, आणि त्यात मोठा वाटा बिनमालकाच्या मांजरींचा. पण त्यावर उपाय नसबंदी आहे, गारठवून मारणं नाही. आणि नसबंदीसाठी मांजर पकडायची तर ती रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी यायला हवी. ती येते वाटीमुळे. वाटी बंद केलीत तर पकडणार काय, कपाळ?

मागणी एवढीच आहे. कायद्यात एक ओळ घाला: बिनमालकाच्या मांजरीला खाणं किंवा निवारा देणारा माणूस तेवढ्यावरून मालक ठरणार नाही. हवं तर नसबंदीची अट घाला (डाव्या कानाचं टोक कापलेलं असलं की झाली, हे लांबूनही कळतं).

डबा उचलल्यानंतर तीन-चार दिवस माझ्या गाडीच्या बॉनेटवर पंजांचे ठसे दिसले. इंजिनाच्या उबेला येत असणार. मी रोज सकाळी बॉनेट थोपटून मगच गाडी चालू करायचो. मग बर्फ पडला आणि ठसे थांबले.

बा अजून विचारतात, "बेटा, वो बिल्ली किधर गई?" कायदा माझ्या बाजूने होता आणि मी तो न वाचताच घाबरलो, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. डबा मात्र परवा पुन्हा ठेवलाय. या वेळी कायद्याचं ते पान प्रिंट करून झाकणावर चिकटवलंय.