पॉवर रेंजर्सची मूळ जपानी मालिका ५० वर्षांनी का थांबतेय? आणि यात उंबरगावचा काय संबंध?

लाल, निळा, पिवळा, गुलाबी, हिरवा. अंगाला घट्ट बसणारे पोशाख, तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट, उडी मारली की मागे स्फोट आणि शेवटी एक भलामोठा रोबो. आज पंचविशीत असलेल्या कुणालाही एवढं सांगितलं तर तो लगेच म्हणेल, पॉवर रेंजर्स! जेटिक्सवर हिंदीत लागायचं ते.

आपल्याला ते अमेरिकन वाटायचं. त्यातली शाळा अमेरिकन, पोरं अमेरिकन. पण हेल्मेट चढवल्यानंतरच्या मारामारीचा मोठा भाग जपानमध्ये, जपानी कलाकारांनी, भलत्याच मालिकेसाठी केलेला होता. त्या मूळ मालिकेचं नाव 'सुपर सेन्ताई'. सेन्ताई म्हणजे लढणारी तुकडी. १९७५ साली 'गोरेंजर'पासून सुरू झालेली ही परंपरा ५० वर्षं चालली. जवळपास दरवर्षी नवी टीम, नवे पोशाख, नवा रोबो. २०२५ मध्ये आलेली 'गोझ्युजर' ही ४९वी मालिका. ती सुरू असतानाच, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं की यानंतर सेन्ताईला विश्रांती. २०२६ पासून तिच्या जागी 'गॅव्हान' या १९८२ च्या जुन्या हिरोचा नवा अवतार येणार.

जपानी माध्यमांतल्या बातम्यांनुसार कारण साधं आहे. खेळणी, कार्यक्रम आणि चित्रपटांतून मिळणारा पैसा निर्मितीच्या खर्चाला पुरेनासा झाला. या मालिकांचं अर्थकारण कायमच टीव्हीपेक्षा खेळण्यांच्या दुकानावर उभं होतं. दरवर्षी टीम बदलायची ती गोष्टीच्या गरजेपोटी कमी आणि नवा रोबो विकायला जास्त. हे ऐकून बालपणाचा थोडा अपमान झाल्यासारखं वाटेल, पण ५० वर्षं गाडी याच इंधनावर चालली.

तोकुसात्सु म्हणजे काय?

या प्रकाराला जपानीत 'तोकुसात्सु' म्हणतात. शब्दशः अर्थ, विशेष चित्रीकरण. कार्टून नाही आणि पूर्वी कम्प्युटरही नाही. रबराच्या पोशाखात शिरलेला माणूस, पुठ्ठा-प्लास्टरचं छोटं शहर आणि कॅमेऱ्याच्या वेगाचा खेळ. माणूस छोट्या इमारतींमधून चालतो, कॅमेरा ते जास्त वेगाने टिपतो, पडद्यावर ते संथ दिसतं आणि आपल्याला वाटतं की काहीतरी अवजड, अवाढव्य चाललंय.

सुरुवात १९५४ च्या 'गॉडझिला'पासून झाली. त्याचे इफेक्ट्स करणाऱ्या एजी त्सुबुराया यांनी पुढे स्वतःची कंपनी काढली आणि १९६६ मध्ये टीव्हीवर 'अल्ट्रामॅन' आणला. हा हिरो पृथ्वीवर जेमतेम तीन मिनिटं लढू शकतो. छातीवरचा निळा दिवा लाल होऊन लुकलुकायला लागला की वेळ संपत आली. मोठ्या लढाईचं महागडं चित्रीकरण आपोआप आटोक्यात राहील असाच हा नियम. आणि प्रत्येक भागात घड्याळाची धाकधूक फुकट!

मग १९७१ मध्ये शोतारो इशिनोमोरी यांचा 'कामेन रायडर' आला, आणि इथे एक अपघात झाला. मुख्य अभिनेता हिरोशी फुजिओका चित्रीकरणात मोटरसायकलवरून पडला, पाय मोडला. मालिका नुकतीच सुरू झालेली. निर्मात्यांनी काय केलं? दुसरा नट आणला, तो दुसरा रायडर झाला. त्याने रूपांतरासाठी हात फिरवून एक पोज घेतली, 'हेनशिन!' म्हणाला आणि जपानभरची पोरं तसंच करायला लागली.

मला वाटतं या सगळ्या प्रकाराची किल्ली त्या मोडलेल्या पायात आहे. हिरो म्हणजे अमुक एक नट नाही, हिरो म्हणजे मुखवटा. आतला माणूस बदलू शकतो, मरू शकतो, म्हातारा होऊ शकतो. मुखवटा चालत राहतो.

मुखवट्याला पासपोर्ट लागत नाही

जग जिंकायला हेच उपयोगी पडलं. चेहरा झाकलेला असला की तो जपानी आहे की ब्राझिलियन, हा प्रश्नच उरत नाही. हाइम सबान या निर्मात्याने १९९२ च्या 'झ्युरेंजर'मधल्या मारामाऱ्या घेतल्या, चेहऱ्यांचे प्रसंग अमेरिकेत चित्रित केले आणि १९९३ मध्ये 'मायटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स' उभं केलं. त्याच्या आधीच फ्रान्समध्ये 'गॅव्हान' आणि 'बायोमॅन' गाजले होते, ब्राझीलमध्ये १९८८ पासून 'जास्पियन' आणि 'चेंजमॅन' घराघरांत पोहोचले होते.

प्रभाव उलट दिशेनेही गेला. मार्व्हल आणि तोएई यांच्यात करार झाला आणि १९७८ मध्ये जपानी टीव्हीवर चक्क स्पायडरमॅन आला. जपान्यांनी त्याला एक भलामोठा रोबो दिला. स्पायडरमॅनला रोबो कशाला, असं कुणीही विचारेल. पण ती कल्पना एवढी चालली की पुढच्याच वर्षी सेन्ताई मालिकेत रोबो आला आणि कायमचा मुक्कामी राहिला. म्हणजे पॉवर रेंजर्सच्या त्या रोबोचा एक पूर्वज स्पायडरमॅनच्या घरातला आहे.

आपल्याकडे यातलं पहिलं काय आलं? १९८० च्या दशकात दूरदर्शनवर लागलेला 'जायंट रोबोट'. मनगटी घड्याळातून रोबोला हुकूम देणारा मुलगा आणि शेवटच्या भागात पृथ्वीसाठी स्वतःचा बळी देणारा रोबो. आज पन्नाशीकडे झुकलेल्या काका-मावशींना विचारा, तो शेवट त्यांना अजून सलतो. नंतर केबलवर पॉवर रेंजर्स आले. २००६ पासून हंगामा टीव्हीवर शिनचॅन आला आणि त्याच्याबरोबर 'अ‍ॅक्शन कामेन'. शिनचॅन ज्याच्यासाठी वेडा असतो तो हिरो म्हणजे कामेन रायडर आणि अल्ट्रामॅनची थट्टा आहे. गंमत बघा, आमच्या पिढीने मूळ कधी पाहिलंच नाही, विडंबन मात्र पाठ आहे.

हनुमान आधी बँकॉकमध्ये उडाला

आता आपल्या भागात येऊ. वाढवणचं नाव सध्या बातम्यांत येतं ते ७६ हजार २२० कोटींच्या बंदरामुळे आणि त्याला मच्छीमारांनी केलेल्या विरोधामुळे. डहाणू-तलासरीत 'जपान' म्हटलं की लोकांना आठवते बुलेट ट्रेन. पण याच किनाऱ्यावर, डहाणू रोड स्टेशनवरून उत्तरेला घोलवड, बोर्डी रोड आणि मग राज्याची हद्द ओलांडून येणारं उंबरगाव, हे भारतातल्या टीव्ही-चमत्कारांचं माहेरघर आहे.

रामानंद सागर यांनी 'विक्रम और बेताल' केलं ते इथे. २५ जानेवारी १९८७ ला सुरू होऊन देशभरातले रस्ते ओस पाडणारं 'रामायण' चित्रित झालं तेही इथेच, वृंदावन स्टुडिओत. प्रेम सागर यांनी मुलाखतींमध्ये सांगितलंय की ढगांसाठी कापूस वापरला जायचा, धुक्यासाठी धूप-अगरबत्तीचा धूर. दारा सिंग यांचा हनुमान पडद्यावर उडायचा तो अशाच जुगाडातून आणि चित्रावर चित्र चढवण्याच्या तंत्रातून. म्हणजे टोकियोत अल्ट्रामॅनसाठी जे चाललं होतं त्याचंच हे भावंड.

पण पडद्यावर राक्षसांशी लढत उडालेला हनुमान त्याच्याही १३ वर्षं आधी तोकुसात्सुमध्ये येऊन गेला होता. भारतात नाही, थायलंडमध्ये. १९७४ मध्ये त्सुबुराया प्रॉडक्शन्स आणि बँकॉकची चायो प्रॉडक्शन्स यांनी मिळून एक चित्रपट केला. बुद्धमूर्ती चोरणाऱ्यांना अडवताना एक लहान मुलगा मारला जातो, अल्ट्रामॅनची आई त्याला जिवंत करते आणि तो हनुमान होतो. मग हनुमान आणि अल्ट्रा बंधू खांद्याला खांदा लावून राक्षसांशी लढतात. चायोचे संस्थापक सोम्पोत सेंगदुआनचाई जपानमध्ये त्सुबुरायांकडे शिकून आलेले होते. पुढे याच मैत्रीतून अल्ट्रामॅनच्या परदेशातल्या हक्कांवरून मोठं भांडण झालं. थायलंड, जपान, चीन, अमेरिका, सगळीकडे खटले झाले आणि अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१८ मध्ये त्सुबुरायांच्या बाजूने निकाल दिला. अल्ट्रामॅन इतकी वर्षं जगात मोकळेपणाने का फिरला नाही, याचं एक मोठं कारण हे.

थायलंड एकटा नाही. इंडोनेशियाने २०१३ मध्ये इशिमोरी प्रॉडक्शन्स या जपानी कंपनीच्या सहकार्याने आपला मुखवटाधारी हिरो बनवला. त्याचं नाव 'बिमा सत्रिया गरुड'. भीम, क्षत्रिय आणि गरुड, तिन्ही आपल्याच ओळखीचे.

मग आपल्याकडेच का अडलं?

कारागिरी नव्हती, असं म्हणता येणार नाही. मुखवट्याचीही आपल्याला सवय आहे. पालघरच्याच जव्हार-मोखाड्यात बोहाडा होतो. देव-दानवांचे मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचतात. मुखवटा चढला की आतला शेजारी कुणी पाहत नाही, समोर असतो तो देव किंवा राक्षस. हेनशिन याहून फार वेगळं नाही.

अडलं ते बहुतेक दोन ठिकाणी. एक म्हणजे, आपल्या टीव्हीवरचे चमत्कार पुराणकथेला बांधलेले राहिले. हनुमानाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, ती युद्धकांडानंतर संपते. दर आठवड्याला नवा राक्षस आणता येत नाही. हनुमानाशी खेळ करताना श्रद्धेचाही प्रश्न येतो. मराठीत 'जय मल्हार'ने २०१४ ते २०१७ अशी तीन वर्षं घराघरांत व्हीएफएक्स पोहोचवलं. ती मालिका होती महेश कोठारे यांच्या कंपनीची. 'धडाकेबाज'मधला बाटलीतला गंगाराम आणि 'झपाटलेला'मधला तात्या विंचू मराठी पडद्यावर आणणारेही तेच. गंगाराम आणि तात्या विंचू कुठल्याही पुराणातले नाहीत. ती वाट टीव्हीवर पुढे गेली असती तर? ती गेली नाही.

दुसरं, शक्तिमान. १९९७ ते २००५, आठ वर्षं. राक्षस होते, खलनायक किल्विश होता, पोरं अंगणात गरगर फिरत होती. जत्रेतल्या दुकानांत त्याचा पोशाख मिळायचा. पण जपानमध्ये प्रसारण, खेळणी आणि निर्मिती एकाच साखळीत होती, इथे निर्मात्याला दूरदर्शनला प्रसारण शुल्क भरावं लागायचं. हे शुल्क वाढत गेल्यामुळे मालिका बंद करावी लागली, असं मुकेश खन्ना यांनी अनेकदा सांगितलंय.

आणि शक्तिमानला मुखवटा नव्हता. शक्तिमान म्हणजे मुकेश खन्ना यांचा चेहरा. सोनी पिक्चर्सने २०२२ च्या फेब्रुवारीत शक्तिमानवर चित्रपट करणार असं जाहीर केलं. २०२४ मध्ये रणवीर सिंगचं नाव चर्चेत आलं तेव्हा खन्नांनी जाहीर विरोध केला. त्यांचा हक्क समजू शकतो. पण कामेन रायडरमध्ये पहिल्याच वर्षी दुसरा माणूस मुखवट्यात शिरला आणि मालिका जगली, हेही विसरता येत नाही. आपल्याकडे टिकला तो चेहरा नसलेला, चित्रातला हिरो. २००८ चा छोटा भीम. त्याची खेळणी, दप्तरं, डबे सगळं विकलं गेलं.

पैशाचं म्हणाल तर

पैसा कमी पडला, हे नेहमीचं उत्तर. २०२३ मध्ये दोन चित्रपट आले. 'आदिपुरुष' हा भारतातल्या सर्वांत महागड्या चित्रपटांपैकी एक. त्यात हनुमान झाला होता देवदत्त नागे, आपल्या 'जय मल्हार'मधला खंडोबा. त्याचे इफेक्ट्स सोशल मीडियावर चेष्टेचा विषय झाले. त्याच वर्षी जपानमधून 'गॉडझिला मायनस वन' आला. खर्च दीड कोटी डॉलरहून कमी, व्हीएफएक्सची टीम ३५ जणांची आणि दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच व्हीएफएक्सचा प्रमुख. मार्च २०२४ मध्ये त्याला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं.

तिथे १९५४ पासून एका हातातून दुसऱ्या हातात काम शिकवलं जातंय. गॉडझिलाच्या पोशाखात घामाघूम होणारे हारुओ नाकाजिमा, अल्ट्रामॅनच्या पोशाखातले बिन फुरुया, यांची नावं चाहत्यांना पाठ असतात. उंबरगावात ज्यांनी कापसाचे ढग पिंजले, आसपासच्या गावांतून येऊन वानरसेना म्हणून उन्हात उभं राहिले, त्यांची नावं आपण लिहूनच ठेवली नाहीत. ते शेजारच्या गावांत आहेत, आता म्हातारे झालेत. कुणी रेकॉर्डर घेऊन गेलं तर अजून सापडतील.

उंबरगावात पौराणिक मालिकांचे सेट आजही लागतात. 'राधाकृष्ण' आणि 'पोरस' तिथलेच. आता बरंचसं काम हिरव्या पडद्यासमोर होतं, ढग नंतर कम्प्युटरवर भरले जातात.

मूळ जपानी मालिका पाहायच्या असतील तर फार शोधावं लागणार नाही. तोएईने २०२० पासून आणि त्सुबुरायाने आपल्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर बऱ्याच मालिकांचे भाग ठेवले आहेत, काहींना इंग्रजी सबटायटल्सही आहेत. सुरुवात १९७१ च्या कामेन रायडरपासून करा. साधारण दहाव्या भागापुढे हिरो बदलतो, त्यावर लक्ष ठेवा.