‘संघर्ष’ ही संज्ञा आणि आपली समीक्षा

पदव्युत्तर परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एक शब्द पानोपानी भेटतो : ‘संघर्ष’. दलित आत्मकथनात संघर्ष असतो, ग्रामीण कादंबरीत संघर्ष असतो, नाटकाचा तर तो प्राणच मानला जातो. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपली समीक्षाही हा शब्द असाच वापरीत आली आहे. कोणत्या प्रकारचा विरोध अभिप्रेत आहे हे न सांगताच विवेचन पूर्ण झाल्याचे समाधान त्यातून मिळते.

या संज्ञेत दोन क्षेत्रांतील कल्पना मिसळल्या आहेत. डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ आणि मार्क्सचा राजकीय अर्थशास्त्राच्या चिकित्सेवरील ग्रंथ ही दोन्ही पुस्तके १८५९ साली प्रसिद्ध झाली. एकाच्या विचारासाठी मराठीने ‘जीवनकलह’ हा शब्द घडविला, दुसऱ्याच्या विचारासाठी ‘वर्गकलह’. ‘कलह’ हे उत्तरपद समान राहिल्यामुळे दोन्ही प्रक्रिया एकाच जातकुळीच्या आहेत असा समज दृढ झाला. वस्तुतः ‘कलह’ हा शब्द आपण व्यापक आणि लाक्षणिक अर्थाने योजीत आहोत, हे डार्विनने स्वतःच नमूद केले होते.

जीवशास्त्रातही विरोध एका प्रकारचा नसतो. कोपर वाकविताना दंडाच्या पुढील बाजूचा स्नायू आकुंचन पावतो आणि मागील बाजूचा सैल पडतो. हात सरळ करताना याच्या उलट घडते. हे दोन स्नायू परस्परविरोधी खरे, पण त्यांच्या विरोधातूनच हाताची हालचाल सिद्ध होते. दुसरा प्रकार आमच्या सांगली-मिरजेच्या परिसरातील हळदीच्या शेतकऱ्याला चांगला परिचित आहे. कंदकूज रोखण्यासाठी तो जमिनीत ट्रायकोडर्मा ही बुरशी मिसळतो. ती रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेढते, त्यांची आवरणे विरघळविते, तिचे अन्न आणि जागा बळकाविते. येथे एकाचे जगणे दुसऱ्याच्या नाशावर अवलंबून आहे.

समाजातील विरोध या दोहोंपेक्षा वेगळा असतो. बुरशी बुरशीच राहते, शेजारी कोणीही असो. परंतु सावकाराचे सावकारपण ऋणकोवाचून संभवत नाही आणि ‘उच्च’ जातीचे उच्चत्व ‘नीच’ ठरविलेल्या जातीवाचून उभे राहत नाही. त्यांना जोडणारे नातेच दोघांना घडविते. म्हणूनच १८५९ च्या प्रस्तावनेत मार्क्सने स्पष्ट केले की, आपणांस अभिप्रेत असलेला विरोध व्यक्तीव्यक्तींमधील नसून त्यांच्या जीवनाच्या सामाजिक परिस्थितीतून उद्भवणारा आहे. असा विरोध मिटवावयाचा तर नाते मोडावे लागते, माणसे नव्हे.

हा भेद विसरला की रूपके घात करतात. समाज म्हणजे शरीर आणि वर्ण म्हणजे त्याचे अवयव, असे एकदा मानले की पायांनी पायच राहावे हे ओघानेच येते. विषमता ही समतोलाची अट ठरते. उलट विरोधकाला रोगजंतू मानले की त्याचे उच्चाटन हा उपचार ठरतो. विसाव्या शतकात जर्मनीत या दुसऱ्या रूपकाने काय घडविले ते सर्वज्ञात आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाची कसोटी १९२७ साली महाडला लागली. जेधे-जवळकरांनी महाडच्या सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला. अट एवढीच की त्यात ब्राह्मणांना स्थान नसावे. जवळकरांच्या १९२५ मधील पुस्तकाचे नावच ‘देशाचे दुश्मन’ होते आणि त्यावरून झालेल्या खटल्यात आरोपींची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली होती. म्हणजे उभयतांत वैमनस्य नव्हते. तरीही त्यांनी ती अट नाकारली. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण व्यक्तींना नाही, ही त्यांची भूमिका होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी झालेल्या मनुस्मृतिदहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला, ही गोष्ट या भूमिकेशी सुसंगतच होती. येथे विरोध तसूभरही सौम्य झालेला नाही. मनुस्मृती जाळली जातेच. केवळ त्याचा रोख अचूक आहे.

रोख चुकला म्हणजे काय होते, हे आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर परिसराने १९४८ साली अनुभवले. गांधीहत्येनंतर ब्राह्मणांची घरे जाळली गेली. व्यवस्थेविरुद्धच्या रास्त रोषाचे रूपांतर आळीतल्या शेजाऱ्याविरुद्धच्या वैरात झाले. घरे जळाली, जातिव्यवस्था जळाली नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ या कादंबरीचा विषय हाच आहे. तिचे शीर्षक निसर्गातून आले आहे, हे मला विचार करण्यासारखे वाटते. वावटळ येते आणि जाते. तिला कर्ता नसतो, इतिहास नसतो. होरपळलेल्याला ती तशी भासणे स्वाभाविक आहे. समीक्षकाने मात्र त्या रूपकापाशी थांबू नये. ती कोठून उठली, असे विचारावे आणि असे विचारताना जाळपोळीचे समर्थन होणार नाही याचीही दक्षता घ्यावी. ‘वावटळ’ शिकविताना वर्गात दोन्ही बाजूंच्या घरांतील नातवंडे-पतवंडे समोर बसलेली असतात. त्यांच्यापुढे ‘जातीय संघर्ष’ एवढे म्हणून सुटका होत नाही.

म्हणून सूचना एवढीच. साहित्यकृतीत ‘संघर्ष’ आहे असे लिहिण्यापूर्वी अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत : हा विरोध स्नायूंसारखा परस्परपूरक आहे काय? तो एकाच्या नाशाने संपणारा आहे काय? की दोघांना घडविणारे नातेच येथे आव्हानित झाले आहे? दलित साहित्यातील विद्रोहाचे उत्तर बहुधा तिसरे येईल. त्या विद्रोहाला ‘द्वेष’ म्हणणारे आणि त्याला ‘समरसते’त विरघळवू पाहणारे, दोघेही त्याचे स्वरूप सारखेच चुकीचे वाचतात. पहिल्यांना त्यात रोगजंतू दिसतात, दुसऱ्यांना अवयव. त्यात दिसावयास हवा तो माणूस, आणि त्याला जखडणारे नाते.