अस्थिकलशाचा प्रवास : कोणासाठी?



घरातील वडीलधारे माणूस गेले की उठावणा होतो, भेटीस येणाऱ्यांची रीघ ओसरते, आणि मग एक प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो : अस्थी कोठे न्यायच्या? पुण्यातील आपल्या व्यापारी कुटुंबांत या प्रश्नावर फारसा विचार होत नाही. शेजारीपाजारी जे करतात तेच आपण करतो. कोणी आळंदीस इंद्रायणीच्या घाटावर जातात. कोणी चाकण, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर या मार्गाने सुमारे २१० किलोमीटर अंतर कापून नाशिकचे रामकुंड गाठतात. दुकान एक दिवस बंद राहते, मोठी गाडी ठरते, तीन पिढ्या तीत बसतात आणि तांबड्या वस्त्रात बांधलेला कलश थोरल्या मुलाच्या मांडीवर असतो. हा प्रवास नेमका कोणासाठी असतो, याचा विचार आज करू.

रामकुंडाची महती थोर आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तेथील अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळून जातात, अशी हिंदू समाजाची श्रद्धा आहे. महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग १९४८ साली येथेच विसर्जित झाला. ज्यांच्या धर्मात या विधीला स्थान आहे, त्यांच्या श्रद्धेविषयी आपल्या मनात आदरच असावा. परंतु आपण तेथे जातो ते श्रद्धेने की रिवाजाने, हे आपणच आपल्याला विचारावयास हवे.

आपले तत्त्वज्ञान या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. आयुष्यकर्म संपताच जीव देह सोडतो आणि अवघ्या काही समयांत नव्या जन्मस्थानी पोहोचतो. समय हे काळाचे सूक्ष्मतम परिमाण. डोळ्याची पापणी लवते तेवढ्या अवधीत असंख्यात समय उलटतात. म्हणजे नातेवाइकांना दूरध्वनी जाण्यापूर्वीच तो जीव आपल्या कर्मानुसार मार्गस्थ झालेला असतो. म्हणूनच आपल्याकडे पिंडदान नाही, श्राद्ध नाही. मागे उरते ते केवळ पुद्गल. त्या पुद्गलाला गोदावरीत सोडले काय किंवा मातीत मिसळले काय, गेलेल्या जीवाच्या गतीत तिळमात्र फरक पडत नाही.

मग प्रश्न उरतो तो जयणेचा. आपल्या आज्या आणि आया घरात धोवण पाणी करीत, हे अनेक वाचकांना आठवत असेल. राखेने घासलेली भांडी धुतलेले पाणी त्या साधुसाध्वींसाठी निराळे ठेवीत. राख हे अप्कायिक जीवांचे शस्त्र आहे; तिच्या स्पर्शाने पाणी अचित्त होते, हे त्यांना पुस्तक न वाचता ठाऊक होते. घरातील घडाभर पाण्याच्या बाबतीत एवढा विवेक बाळगणारा समाज वाहत्या नदीत पोतेभर राख निःशंकपणे ओततो, ही विसंगती नव्हे काय? व्यवहाराच्या दृष्टीनेही पाहू. प्रौढ माणसाच्या दहनानंतर उरणारे अस्थींचे अवशेष साधारण दोन ते तीन किलो भरतात. लाकडाची राख त्याहून वेगळी. हाडांतील कॅल्शियम फॉस्फेट नदीच्या पाण्यात सहजी विरघळत नाही. ते तळाशी बसते. आणि जी इंद्रायणी आळंदीस अनेकदा फेसाने पांढरी झालेली दिसते, तिच्यावर आपण आणखी किती भार टाकावा?

या संदर्भात पावापुरीची परंपरा लक्षात घेण्यासारखी आहे. भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर जेथे अग्निसंस्कार झाला, तेथील रक्षा भाविकांनी चिमूट चिमूट उचलली. रक्षा संपली तेव्हा लोकांनी तेथील माती नेली, आणि त्या खड्ड्याचे सरोवर झाले. आज जलमंदिर त्याच सरोवराच्या मध्यभागी उभे आहे. रक्षा पाण्यात सोडल्याची ही कथा नाही. आदरापोटी लोकांनी ती मस्तकी लावली व घरी नेली, अशी ती कथा आहे.

बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसाला आणखी एक घटना विसरता येत नाही. गांधीजींच्या अस्थींचा एक कलश ओडिशातील कटक येथे स्टेट बँकेच्या लॉकरमध्ये अनेक दशके पडून होता. त्यांचे पणतू तुषार गांधी यांना तो मिळविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि ३० जानेवारी १९९७ रोजी, म्हणजे निधनानंतर ४९ वर्षांनी, त्या अस्थी प्रयागच्या संगमात विसर्जित झाल्या. लॉकरमध्ये दागिने असतात, दस्तऐवज असतात. त्यांचे वारस ठरलेले असतात. परंतु ज्या वस्तूविषयी कोणी काही लिहून ठेवले नाही, ती वस्तू राष्ट्रपित्याची असली तरी कपाटात वाट पाहत राहते. याउलट पंडित नेहरूंनी २१ जून १९५४ रोजीच आपल्या मृत्युपत्रात लिहून ठेवले होते की, मूठभर रक्षा प्रयागला गंगेत सोडावी व उरलेली विमानातून देशातील शेतांवर विखरावी. त्यामागे धार्मिक हेतू नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले होते. दहा वर्षांनी, १९६४ साली, त्यांच्या निधनानंतर तसेच झाले.

आता आमच्या नात्यातील एका कुटुंबाची हकीकत सांगतो. माझ्या वडिलांच्या थोरल्या भगिनी, आम्ही त्यांना भुआजी म्हणत असू, वयाच्या ८४ व्या वर्षी गेल्या. वैकुंठ स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाला. त्यांना दोन मुलगे व एक कन्या. मुलांची पेढी सहा वर्षांपूर्वी विभागली गेली होती. थोरला मार्केट यार्डात, धाकटा रविवार पेठेत. बोलणे तुटले नव्हते, पण लग्नकार्यापुरते उरले होते. नाशिकला जाण्याचे ठरले, गाडीही सांगितली. तेव्हा धाकट्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने मला विचारले, “काकासा, दादीसा तर स्वतः धोवण पाणी करीत. त्यांचीच राख नदीत कशी टाकायची?”

बैठकीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग थोरला म्हणाला, “बाईंना गावचा मळा फार प्रिय होता. तिकडेच जाऊ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे एकाच गाडीतून निघालो. वाघोली, शिक्रापूर, शिरूर ओलांडून आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातील त्यांच्या मूळ गावी पोहोचलो. मळ्याच्या बांधाकडेला, जेथे हिरवळ नव्हती, मुंग्यांचे वारूळ नव्हते अशी कोरडी जागा पाहिली, जमीन नीट निरखली आणि मातीत रक्षा मिसळली. कोणतीही वस्तू निर्जीव भूमीवर जपून परठवावी, ही पाचव्या समितीची शिकवण आहे. साधूंसाठी सांगितलेली ही दृष्टी श्रावकालाही उपयोगी पडते. जमिनीतही पृथ्वीकायिक जीव आहेत; हिंसा पूर्णपणे टळत नाही, ती कमी करता येते, एवढाच आपला अधिकार. सर्वांनी नवकार मंत्र म्हटला. तेथे रोप लावण्याचा मुलांचा आग्रह होता, पण राख क्षारयुक्त असते, तीत थेट लावलेले रोप जळते. म्हणून ते काही अंतरावर लावण्याचे ठरले.

खरी गोष्ट घडली ती परतीच्या प्रवासात. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून आम्ही वेळेत निघालो होतो. भुआजींच्या लॉकरवर धाकट्याचे नामनिर्देशन होते आणि थोरल्याच्या मनात ते सलत होते, हे मला ठाऊक होते. शिरूरच्या अलीकडे धाकटा स्वतःहून म्हणाला, “दादा, बाईंचा लॉकर मी एकटा उघडणार नाही. तुम्ही आणि ताई बरोबर असाल तेव्हाच उघडू, आणि जे निघेल त्याची यादी करू.”

थोरला बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. मग त्याने धाकट्यापुढे हात जोडले आणि म्हणाला, “मनात वाईट आणले होते. खमावतो.”

मागच्या आसनावर त्यांची बहीण रडत होती. संवत्सरीला शेकडो जणांना आपण ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. पण ज्याच्याशी खरोखर वैर असते, तो बहुधा त्या यादीत नसतो. तो त्या दिवशी एकाच गाडीत, हाताच्या अंतरावर बसला होता.

कायद्याच्या दृष्टीनेही धाकट्याचे वागणे योग्यच होते. नामनिर्देशित व्यक्ती ही विश्वस्त असते, मालक नव्हे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे, आणि मृत्युपत्र नसेल तर आईच्या मिळकतीत मुलगे, मुली व पती हयात असल्यास तो, या सर्वांना समान हिस्सा मिळतो. बहिणीला साडी नेसवून बोळवण करण्याचा रिवाज या कायद्यात बसत नाही आणि अचौर्य व्रतातही बसत नाही.

म्हणून वाचकांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपल्या अस्थींचे काय करावे, हे प्रत्येकाने हयातीतच एका ओळीत लिहून ठेवावे व घरातील दोघांना सांगावे. मुलांवरील मोठा भार त्याने हलका होतो. दुसरे, रक्षा पाण्यात न सोडता कोरड्या जमिनीत मिसळता येते, त्यात कमीपणा कसलाही नाही. तिसरे, प्रवास मात्र टाळू नये. स्थळ कोणतेही असो, सर्व भावंडांनी एका गाडीतून जावे, शक्यतो भ्रमणध्वनी बंद ठेवावा, आणि परतण्यापूर्वी जे बोलायचे राहिले आहे ते बोलून घ्यावे.

गेलेल्या जीवाला आपल्या कलशाची गरज नसते. तो आपल्या कर्माची शिदोरी घेऊन केव्हाच पुढे गेलेला असतो. गरज असते ती मागे राहिलेल्यांना. त्यांच्या कषायांची रक्षा होईल, असा एखादा दिवस त्यांना हवा असतो. तो दिवस वडीलधारे माणूस जाता जाता आपल्या हाती देऊन जाते. त्याचा जमाखर्च नीट मांडणे हेच त्या माणसाचे खरे स्मरण होय.

जय जिनेंद्र.