उरलेल्या तेलाचा हिशेब

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायला आम्ही दोघी जावांनी सहा वर्षांपूर्वी सुरुवात केली. इंदूरमध्ये शेव-नमकीनला तोटा नाही, पण भाजणीची चकली आणि अनारसे हवे असले की लोक मराठी घर शोधत येतात. यंदा अठरा दिवस आमची कढई चुलीवरून उतरली नाही. शेवटी उरलं ते तळणाचं तीन डबे तेल.

दर वर्षी एक माणूस ते घेऊन जायचा. चाळीस रुपये किलो, रोख. तीन डब्यांचे सोळाशेच्या वर होतात. ते पैसे हाताखालच्या दोघी बायकांना भाऊबीज म्हणून द्यायचे, हे ठरलेलं. यंदा मी सहज विचारलं, "भैया, इसका करते क्या हो?" तो हसला. "दीदी, शहर में कढ़ाइयों की कमी है क्या?"

त्याला उद्या या म्हणून परत पाठवलं आणि वाचायला बसले.

तेल पुन्हापुन्हा तापलं की त्यात 'पोलर कंपाउंड' नावाचे घटक वाढत जातात. तेल काळवंडतं, दाट होतं, फेसाळतं, लवकर धूर सोडतं. हे घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल स्वयंपाकाला वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. तळणासाठी रोज ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांनी तेलाची नोंद ठेवायची आणि वापरलेलं तेल नोंदणीकृत संस्थेलाच द्यायचं, असंही बंधन आहे. हे तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल व्हावं, म्हणून २०१८ मध्येच सरकारने 'रुको' नावाची योजना आणली.

जाऊबाईंनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "आपलं रोजचं तेल पन्नास लिटर आहे का?"

नव्हतं. त्याच्या जवळपासही नव्हतं.

"मग झालं तर! आपण आपल्या फराळात जुनं तेल घालत नाही. तो पुढे काय करतो ते त्याचं पाप. आणि त्या दोघींना भाऊबीज कुठून देणार?"

त्यांचं बोलणं मला खोडता येईना. नोंदी ठेवण्याची सक्ती आमच्यावर नव्हतीच. पण इतकी वर्षं मला माहीत नव्हतं, आणि आता माहीत झालं होतं. ते तेल एखाद्या हातगाडीवर जाणार, तिथे शाळा सुटल्यावर मुलं कचोरी खाणार, हे कळल्यावरही चाळीस रुपयांनी हात पुढे करायचा, तर त्या कढईत आमचाही वाटा आला. धंद्यात 'मला काय ठाऊक' हे वाक्य फार सोयीचं असतं. ते टिकावं म्हणून आपण प्रश्नच विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाला नाही म्हटलं. भाऊबीज आम्ही आमच्या नफ्यातून दिली. जाऊबाईंनी त्यांचा अर्धा वाटा न बोलता काढून ठेवला, पण दोन दिवस त्या माझ्याशी मोजकंच बोलल्या.

पुढची अडचण वेगळीच निघाली. नोंदणीकृत संस्थेला फोन केला, तर तीन डब्यांसाठी गाडी पाठवायला ते तयार होईनात. मोरीत ओतणं शक्य नव्हतं; पाइप तुंबतो आणि पुढे नाल्याची वाट लागते. मग आपल्या मंडळात फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या आणखी चौघींना विचारलं. सगळ्यांकडे डबे पडून होते. ते एका घरी गोळा केले तेव्हा गाडी आली. भाव कमी मिळाला, पण पावती मिळाली.

तुमच्यापैकी कितीतरी जण आज घरून काही ना काही विकतात: केक, मसाले, साबण, कपडे. माल चोख ठेवायचा, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. पण माल गेल्यावर मागे जे उरतं ते कुठे जातं, हा प्रश्न हिशेबाच्या वहीत येत नाही. आमच्या वहीत यंदापासून त्याचं एक पान आहे.

जाऊबाई अजून म्हणतात, "सोळाशे गेले." मी म्हणते, "गेले." पुढच्या वर्षीचे डबे कुठे ठेवायचे, ती जागा मात्र त्यांनीच ठरवून ठेवली आहे.