बसलेला आवाज : वय, लिंग आणि आपली बेफिकिरी

आवाज बसला की आपल्याकडे मिठाच्या गुळण्या आणि आल्याचा काढा ठरलेला. बहुतेक वेळा तेवढे पुरतेही. परंतु स्वरतंतूच्या पक्षाघाताने बसलेला आवाज ही निराळीच गोष्ट आहे. आणि वय व लिंग यांनुसार तो इतकी वेगवेगळी रूपे घेतो की ओळखूच येऊ नये.

डाव्या स्वरतंतूचा मज्जातंतू छातीत उतरतो, महाधमनीला वळसा घालतो आणि पुन्हा गळ्यात चढतो. म्हणूनच थायरॉइडच्या शस्त्रक्रियेप्रमाणे हृदयावरील शस्त्रक्रिया, फुप्फुसाचा कर्करोग किंवा छातीतील क्षयाच्या गाठी यांनीही त्याला इजा पोहोचू शकते.

निरोगी पुरुषाच्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला सुमारे १२० वेळा कंप पावतात, तर स्त्रीच्या सुमारे २०० वेळा. एक तंतू निकामी झाला की फटीतून हवा निसटते. पुरुषाचा आवाज पुष्कळदा चढा व बारीक होतो आणि तो चेष्टेचा विषय बनतो. स्त्रीचा आवाज सहसा तसा चढत नाही. तो हवेशीर आणि दमलेला होतो, क्वचित खालीही येतो. घरचे म्हणतात, ‘बोलून बोलून बसला.’ वृद्धांत स्वरतंतू मुळातच कृश झालेले आणि श्वासाचे बळ घटलेले असते, त्यामुळे दुसऱ्या तंतूला उणीव भरून काढणे जड जाते. तेथे ‘वय झाले’ हे उत्तर तयारच असते. बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात ओरडून बोलणाऱ्या कामगाराला तर आणखी एक सबब आयती मिळते.

बालकांची गोष्ट सर्वांत फसवी. एका बाजूचा पक्षाघात असल्यास रडणे क्षीण होते आणि दूध पिताना ठसका लागतो. पुढे निरोगी तंतू बरीचशी भरपाई करतो. दोन्ही बाजूंचा असल्यास मात्र रडण्याचा आवाज जवळजवळ नेहमीसारखा असू शकतो आणि धोका श्वासाला असतो. श्वास आत घेताना घर्र आवाज येत असेल, तर एक दिवसही थांबू नये.

आपल्याच माळव्यातील उदाहरण आठवते. १९४८ साली देवासला आलेल्या कुमार गंधर्वांचे एक फुप्फुस क्षयाने निकामी केले होते. तो स्वरतंतूचा पक्षाघात नव्हता. तरीही स्ट्रेप्टोमायसीनचे उपचार आणि काही वर्षांचे सक्तीचे मौन यांनंतर ते पुन्हा गायले. वेळेवर उपचार आणि धीर यांनी काय साधते, हे त्यातून दिसते.

माझे मत स्पष्ट आहे. तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज, मग तो कोणाचाही असो, दुर्बिणीने तपासलाच पाहिजे. त्यासाठी इंदूर किंवा जळगाव गाठावे लागले तरी चालेल. शस्त्रक्रियेनंतर आवाज बदलल्यास त्याहून आधी. आवाजाचे व्यायाम, इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया हे सारे उपाय आज उपलब्ध आहेत. उणीव आहे ती आपण कान देऊन ऐकण्याची.