सही करणाऱ्या हातांची सुरक्षितता

दक्षिण गोव्यातील बेतूल येथे ओएनजीसीच्या सागरी बचाव प्रशिक्षण केंद्राचे उद्घाटन ६ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून उलटे झाले, तर आसनाचा पट्टा सोडून पाण्याखालून बाहेर कसे पडायचे, याचे शिक्षण तेलफलाटांवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना तेथे दिले जाते. हे शिक्षण आवश्यकच आहे. पण ती अपघात घडून गेल्यानंतरची तयारी झाली. अपघात घडूच नये यासाठी ज्यांच्यावर सारी भिस्त असते, त्या वैमानिकांच्या आणि देखभाल तंत्रज्ञांच्या नोकरीची स्थिती काय आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच चर्चेला येतो.

देशात या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण पवन हंस या सार्वजनिक कंपनीचे आहे. १९८५ साली स्थापन झालेल्या या कंपनीत केंद्र सरकारचा वाटा ५१ टक्के, तर ओएनजीसीचा ४९ टक्के. मुंबईच्या जुहू विमानतळावरून बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राकडे माणसांची ने-आण करणे हा तिच्या व्यवसायाचा कणा. या कामातील धोका वेगळा सांगायला नको. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेले डॉफिन हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले आणि दोन वैमानिकांसह सातही जण मृत्युमुखी पडले. २८ जून २०२२ रोजी ‘सागर किरण’ या रिगजवळ सिकोर्स्की हेलिकॉप्टर पाण्यात उतरले. नऊपैकी चौघांचा अंत झाला.

हेलिकॉप्टर उडण्यापूर्वी वैमानिकाच्या नजरेइतकीच निर्णायक असते ती देखभाल अभियंत्याची सही. दुरुस्ती वा ठरावीक तपासणी झाल्यावर परवानाधारक अभियंत्याने ‘उड्डाणास योग्य’ असे प्रमाणित केल्याखेरीज यंत्र सेवेत परत येत नाही. त्याच्या हाताखालचे तंत्रज्ञ जे पाहतात आणि नोंदवतात, त्यावर ही सही उभी असते. खारी हवा, सततची कंपने आणि दिवसभरातील वारंवार चढ-उतार यांमुळे सागरी सेवेतील यंत्रांची झीजही अधिक. अशा वेळी ‘आज हे यंत्र उडणार नाही’ असे म्हणण्याची मोकळीक हा या व्यवसायाचा प्राण होय. जमिनीवर उभे असलेले हेलिकॉप्टर कंपनीला पैसा मिळवून देत नाही. म्हणून हा नकार नेहमीच महाग असतो. ज्याच्या कराराचे नूतनीकरण वरिष्ठांच्या मर्जीवर आहे, त्याला तो अधिकच महाग पडण्याची भीती असते. वैमानिकाचेही तेच. हवामान पाहून माघारी फिरण्याचा निर्णय घेताना पुढील कराराची चिंता त्याच्या मनात डोकावता कामा नये.

पवन हंसमधील कंत्राटी कर्मचाऱ्यांचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो याच अस्थैर्याच्या पार्श्वभूमीवर. न्यायालयापुढे आलेल्या तपशिलानुसार कंपनीतील ८४० कर्मचाऱ्यांपैकी ५७० कायम, तर २७० कंत्राटी होते. कंत्राटींपैकी अनेक जण दीर्घकाळ सेवेत असूनही भविष्यनिर्वाह निधीपासून वंचित होते. एव्हिएशन कर्मचारी संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि निकाल संघटनेच्या बाजूने लागला. कंपनी अपिलात गेली. परंतु १७ जानेवारी २०२० रोजी न्या. उदय लळित आणि न्या. इंदू मल्होत्रा यांच्या खंडपीठाने कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही हा लाभ द्यावाच लागेल, असे स्पष्ट केले. जानेवारी २०१७ पासूनचा कंपनीचा हिस्सा १२ टक्के व्याजासह देण्याचा आदेश झाला. जो लाभ कारखान्यातील सामान्य कामगारालाही कायद्याने मिळतो, तो मिळवण्यासाठी सरकारी कंपनीतील माणसांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, हे विसरून चालणार नाही.

कायम कर्मचारी तरी सुखी होते काय? एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने परिपत्रक काढून त्या महिन्याचे वेतन देण्यास आपण असमर्थ असल्याचे कळवले. ग्राहकांकडील थकबाकी २३० कोटींवर गेली होती आणि वर्षाचा तोटा सुमारे ८९ कोटी होता. त्याच सुमारास कंपनी विक्रीला काढलेली होती. चौथ्या प्रयत्नात, एप्रिल २०२२ मध्ये, स्टार ९ मोबिलिटी या समूहाची २११.१४ कोटींची बोली मान्य झाली. पण समूहातील एका भागीदाराविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा आदेश असल्याचे पुढे आले आणि जुलै २०२३ मध्ये ती प्रक्रियाही रद्द झाली. वर्षानुवर्षे विक्रीच्या प्रतीक्षेत असलेल्या घरात कोणी नवी तुळई बसवत नाही. कायम भरती, वेतनसुधारणा, प्रशिक्षण यांचे निर्णय अशा काळात लांबणीवर पडले, तर नवल नाही.

अन्य जोखमीच्या उद्योगांत काय चित्र आहे? तेलंगणातील बेल्लमपल्ली हे पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील जुने खाणगाव सिंगरेणी कोळसा कंपनीच्या पट्ट्यात येते. तेथेही मालकी ५१ आणि ४९ टक्क्यांचीच; मोठा वाटा राज्याचा, धाकटा केंद्राचा. परंतु तेथील कायम खाणकामगाराचे वेतन राष्ट्रीय पातळीवरील सामूहिक करारातून ठरते. मे २०२३ मधील अकराव्या कराराने १९ टक्के किमान वाढीची हमी दिली आणि ती १ जुलै २०२१ पासून लागू झाली. त्याच खाणींतील कंत्राटी कामगारांना मात्र कोल इंडियाप्रमाणे वेतन मागण्यासाठी सप्टेंबर २०२२ मध्ये दोन आठवड्यांहून अधिक काळ संप करावा लागला. संघटित शक्ती आणि करार असला की जोखमीचे मोल ठरते. कंत्राटाची भिंत आडवी आली की तेच मोल खाली येते. हेलिकॉप्टर तंत्रज्ञांची संख्या खाणकामगारांच्या तुलनेत अगदीच थोडी. त्यामुळे त्यांचा आवाजही क्षीण.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. हेलिकॉप्टर सेवा निविदेतून दिली जाते आणि तेथे दर कमी ठेवावा लागतो. सुटे भाग, विमा, इंधन यांचे दर कंपनीच्या हातात नसतात. उरते ते वेतन, आणि कात्री तेथेच लागते. म्हणूनच या प्रश्नाची किल्ली ग्राहकाच्या हाती आहे. ओएनजीसी तर पवन हंसची ग्राहक आणि भागीदार अशी दोन्ही आहे. ध्रुव एनजी जातीच्या चार हेलिकॉप्टरांसाठी तिने पवन हंसला दहा वर्षांचे, दोन हजार कोटींहून अधिक रकमेचे कंत्राट देऊ केले आहे. यंत्रांना दहा वर्षांची हमी मिळत असेल, तर ती यंत्रे सांभाळणाऱ्यांना का मिळू नये? किती अभियंते कायम असावेत, वेतन वेळेवर मिळते की नाही, विश्रांतीचे तास पाळले जातात की नाही, या अटी निविदेतच घातल्या, तर माणसांच्या खर्चात कपात करून बोली जिंकण्याची स्पर्धा थांबेल.

कायद्याचा आधारही आता आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनुसार ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यास समान कामासाठी कायम कर्मचाऱ्याएवढे वेतन व लाभ आणि एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान मिळायला हवे. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. प्रत्येक लाभासाठी न्यायालयात जावे लागणार असेल, तर संहिता कागदावरच राहील.

गोव्याला हा विषय परका नाही. सत्तरीतील होंडा येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि फ्रान्सच्या साफ्रान यांचा हेलिकॉप्टर इंजिन दुरुस्तीचा संयुक्त प्रकल्प आहे. आपली मुले या व्यवसायात उतरणार असतील, तर नोकऱ्या किती एवढेच विचारून भागणार नाही. त्या कोणत्या अटींवर, हेही विचारले पाहिजे. बेतूलला पाण्याखालून सुटण्याचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाचा जीव अखेर जुहूच्या हँगरमधील एका सहीवर अवलंबून असतो. ती सही निर्भयपणे करता यावी, आणि प्रसंगी निर्भयपणे नाकारताही यावी, एवढी स्थिरता देणे हा सुरक्षेवरचाच खर्च आहे.