‘अंग बाहेर येतं’ म्हणजे काय?

बाह्यरुग्ण विभागात आलेली ग्रामीण स्त्री ‘कंबर दुखते, थकवा येतो’ एवढेच सांगते. खरे दुखणे पुष्कळदा निराळे असते. ‘पांढरं जातं’, ‘अंग बाहेर येतं’ हे शब्द तिच्या ओठांशी आलेले असतात. पण समोर विशीतला परका मुलगा, शेजारी सासूबाई आणि दाराशी रांग. धीर करून ती बोललीच, तरी व्याधींची इंग्रजी नावे मुखोद्गत असलेल्या त्या भावी डॉक्टरला ‘अंग’ म्हणजे येथे गर्भाशय, हे उमगेलच असे नाही.

या मौनाचे मोजमाप गडचिरोलीत झाले आहे. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळला. पूर्वी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के! बाकीच्यांनी दुखणे अंगावर काढले.

‘आपल्या बायकाच लाजाळू, त्याला डॉक्टर काय करणार?’ हा युक्तिवाद पळवाटेचा आहे. लज्जा हा रोग नव्हे. तिचा मान राखून माहिती काढणे हे वैद्याचे कौशल्य आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या, त्यामागे स्त्रियांना स्त्री वैद्य मिळावी हीच तळमळ होती. आज वैद्यकीय महाविद्यालयांत मुली मोठ्या संख्येने आहेत. तथापि, प्रसूतिकक्षात वेदनेने ओरडणाऱ्या बाईवर खेकसणारी डॉक्टरही स्त्री असू शकते. तेव्हा प्रश्न शिकवणुकीचा आहे.

२०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे शिक्षण अंतर्भूत झाले, हे स्वागतार्हच. मात्र इंग्रजीतून घोकलेला संवाद आरोग्य केंद्रात कितीसा उपयोगी पडणार? त्या तासाला अनुभवी परिचारिकेला, आशाताईला शिकवायला बोलवावे. नातेवाइकांना सौजन्याने बाहेर बसवणे, तपासणीपूर्वी अनुमती घेणे, पुरुष डॉक्टर असल्यास परिचारिकेला जवळ उभे करणे, अविवाहित मुलीला पाळीविषयी विचारताना आवाज खाली ठेवणे, हे प्रत्यक्ष करवून घ्यावे. अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत त्याला गुण असावेत, आणि रुग्णेची हकीकत तिच्याच बोलीत विचारण्याची अटही.